फाइफच्या मृत्यूने ‘ट्राइब’ला तारले नाही

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील ‘अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’ या हिप-हॉप गटाची एक कथा इतक्या वेळा सांगितली गेली आहे की ती तपासून पाहण्याची गरज आता कोणाला वाटत नाही. कथा अशी आहे : क्यू-टिप हा गटाचा मेंदू होता आणि फाइफ डॉग त्याच्या सोबतीला होता; दोघांचे अहंकार आड आले म्हणून १९९८ मध्ये गट फुटला; पुढची अठरा वर्षे पैशासाठी अधूनमधून एकत्र येण्यात गेली; आणि २०१६ मध्ये फाइफ वारल्यावर त्याच्या आवाजाचे उरलेसुरले तुकडे जोडून काढलेला अल्बम सहानुभूतीच्या लाटेवर पहिल्या क्रमांकावर पोहोचला. यातल्या जवळजवळ प्रत्येक विधानात सत्याचा अंश आहे आणि म्हणूनच ही कथा टिकून आहे. मात्र फाइफचा आजार, रेकॉर्ड कंपनीशी बिघडलेले संबंध आणि एका स्टुडिओत समोरासमोर बसून झालेले काम या तिन्ही गोष्टी तिच्यातून गळतात. त्या गळल्या की फाइफवर दुहेरी अन्याय होतो : हयातीत तो दुय्यम ठरतो आणि मृत्यूनंतर यशाचे निमित्त ठरतो.

फाइफ दुय्यम होता, हा समज १९९० च्या पहिल्या अल्बमपुरता मान्य करता येईल. त्या अल्बममध्ये तो मोजक्याच गाण्यांत ऐकू येतो आणि संगीताची दिशा बव्हंशी क्यू-टिपने ठरवलेली आहे. परंतु पुढच्याच वर्षी आलेल्या ‘द लो एंड थिअरी’मध्ये चित्र पार बदलते. जॅझच्या तबकड्यांतून उचललेले बास, अगदी मोजके ड्रम आणि एका गाण्यासाठी तर प्रत्यक्ष रॉन कार्टरसारख्या दिग्गजाने वाजवलेला डबल बास, अशा मोकळ्या, उघड्या संगीतावर दोन आवाज समोरासमोर उभे राहतात. क्यू-टिपचा आवाज नाकातला, सावकाश, स्वतःशी विचार करत चाललेला. फाइफचा चढा, ठोस, गल्लीतल्या थट्टेचा आणि खेळाच्या गप्पांचा, शिवाय आईच्या त्रिनिदादी वळणाची छटा असलेला. त्याची आई शेरिल बॉइस-टेलर या कवयित्री आहेत. आपल्या बुटकेपणाचीच बढाई मारत तो कडव्यात शिरतो तेव्हा क्यू-टिपने उभी केलेली सगळी तरल हवा एकदम जमिनीवर येते. १९९३ च्या ‘मिडनाइट मरॉडर्स’मध्ये तर दोघे एकमेकांची ओळ अर्ध्यात उचलून पुरी करतात. फाइफचा आवाज वजा करून हे दोन अल्बम ऐकून पाहावेत. जे उरेल ते सुंदर असेल, पण ते ‘ट्राइब’ नसेल.

आता अहंकाराच्या मुद्द्याकडे वळतो, कारण संपूर्ण कथेचा भार त्यावर आहे. या दाव्याला पुरावा म्हणून बहुतेक वेळा अभिनेते मायकेल रॅपपोर्ट यांच्या या गटावरील २०११ च्या माहितीपटातले क्यू-टिप आणि फाइफ यांचे भांडण दाखवले जाते. ते भांडण खरे आहे. मात्र ते २००८ च्या ‘रॉक द बेल्स’ दौऱ्यातले आहे, म्हणजे गट फुटल्यानंतर दहा वर्षांनी झालेले. दहा वर्षांनंतरचे दृश्य दाखवून दहा वर्षांपूर्वीचे कारण सिद्ध करता येत नाही. शिवाय २००८ हे फाइफच्या मूत्रपिंड प्रत्यारोपणाचे वर्ष आहे. मूत्रपिंड त्याच्या पत्नीने दिले. निकामी होत चाललेले शरीर घेऊन दौऱ्यावर निघालेला माणूस आणि त्याच्याकडून जुन्याच ताकदीची अपेक्षा करणारा बालमित्र यांच्यात खटका उडाला, तर त्याला केवळ अहंकार म्हणणे मला निर्दयपणाचे वाटते.

१९९८ कडे नेणारी वाट वेगळी होती आणि तिची सुरुवात फार लवकर झाली. पहिला अल्बम एप्रिल १९९० मध्ये आला आणि पुढच्याच महिन्यात फाइफला मधुमेह असल्याचे निदान झाले. तो तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचा होता. गोड खाण्याचा त्याचा सोस सुटला नाही, हे तो स्वतःच उघडपणे सांगत असे. पुढे तो अटलांटाला राहायला गेला. क्यू-टिप आणि गटाचा डीजे अली शहीद मुहम्मद यांनी मधल्या काळात इस्लाम स्वीकारला होता. फाइफने स्वीकारला नव्हता. गटाच्या बीट्समध्ये डेट्रॉइटचा जे डी, म्हणजे पुढे जे डिला या नावाने गाजलेला तरुण, सामील झाला आणि १९९६ च्या ‘बीट्स, राइम्स अँड लाइफ’मध्ये क्यू-टिपचा चुलतभाऊ कॉन्सिक्वेन्स अनेक गाण्यांत दिसू लागला. त्या काळात आपले आणि बाकीच्यांचे सूर जुळत नव्हते, हे करत राहावे की नाही असे वाटू लागले होते, अशा आशयाची कबुली फाइफने नंतर दिली आहे. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की तो अल्बम बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतील खपाच्या क्रमवारीच्या, यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आला होता. सहानुभूतीचा जिथे प्रश्नच नव्हता अशा काळातही हा गट पहिला येत होता, हे पुढच्या एका मुद्द्यासाठी ध्यानात ठेवावे.

त्याच्या जोडीला पैशाची बाजू आहे, जी कथा सांगणारे सहसा विसरतात. पहिल्या अल्बममधल्या सर्वांत गाजलेल्या गाण्याचा बास गायक लू रीडच्या गाण्यातून घेतला होता आणि त्यामुळे आपल्या त्या गाजलेल्या गाण्यातून आपल्याला एक पैसाही मिळाला नाही, असे फाइफ सांगत असे. जाइव्ह या रेकॉर्ड कंपनीविषयी गटातील नाराजी वर्षानुवर्षे साचत गेली होती आणि फुटीमागचे एक कारण म्हणून ती सदस्यांनी बोलूनही दाखवली आहे. १९९८ च्या सुरुवातीला क्यू-टिपच्या घराला आग लागली आणि त्याचा तबकड्यांचा मोठा संग्रह व अप्रकाशित ध्वनिमुद्रणे जळून गेली. सॅम्पलवर, म्हणजे जुन्या तबकड्यांतून उचललेल्या तुकड्यांवर, संगीत उभे करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही हानी किती मोठी होती, हे वेगळे सांगायला नको. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला ‘द लव्ह मूव्हमेंट’ आला, तोवर गट थांबत असल्याचे जाहीर झालेले होते. आजार, अंतर, श्रद्धा, कंपनी आणि आग या साऱ्यांच्या यादीत अहंकारालाही जागा आहे, हे मी नाकारत नाही. त्याला एकट्यालाच सगळी जागा देणे मात्र चुकीचे आहे.

२००६ पासूनचे दौरे पैशासाठी होते, हे बरोबर आहे. पण ते कोणाच्या पैशासाठी होते? फाइफच्या वाढत्या वैद्यकीय खर्चाला हातभार लागावा हा त्यामागचा एक हेतू होता. अमेरिकेत दीर्घ आजार माणसाला कर्जबाजारी करू शकतो, हे माहीत असलेल्या वाचकाने या दौऱ्यांना हिणवण्यापूर्वी थोडे थांबावे.

सर्वांत गंभीर आरोप २०१६ च्या ‘वी गॉट इट फ्रॉम हिअर... थँक यू फॉर युअर सर्व्हिस’ या अल्बमवर आहे आणि तोच सर्वांत सहज खोडता येतो. १३ नोव्हेंबर २०१५ रोजी, ज्या रात्री पॅरिसवर हल्ले झाले त्या रात्री, पहिल्या अल्बमला पंचवीस वर्षे झाल्याच्या निमित्ताने हे चौघे जिमी फॅलनच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात गायले. अठरा वर्षांनी नवा अल्बम करण्याचा निर्णय त्या रात्रीनंतर झाला. काम न्यू जर्सीतल्या क्यू-टिपच्या घरच्या स्टुडिओत सुरू झाले आणि सगळ्यांनी एकाच खोलीत यायचे, आपापल्या शहरातून फायली पाठवायच्या नाहीत, असा त्याचा आग्रह होता. डायलिसिसवर असलेला फाइफ कॅलिफोर्नियातून विमानाने येऊन तिथे गात होता. पहिल्या अल्बमनंतर स्वयंपाकाच्या क्षेत्राकडे वळलेला गटाचा चौथा सदस्य जारोबी व्हाइटही परत आला होता. २२ मार्च २०१६ रोजी मधुमेहाच्या गुंतागुंतीमुळे फाइफ वारला, तेव्हा तो पंचेचाळीस वर्षांचा होता आणि काम अर्ध्यात होते.

पुरावा कागदावर शोधायची गरज नाही, तो कानांना मिळतो. पहिल्याच गाण्यात क्यू-टिप, फाइफ आणि जारोबी एकमेकांच्या शब्दाला शब्द जोडत जातात. एकाचा श्वास संपतो तिथे दुसऱ्याचा सुरू होतो. एकाचा राहून गेलेला आवाज कपाटातून काढून दुसऱ्याच्या गाण्यावर चिकटवला, तर असा प्रतिसाद येत नाही. फाइफ गेल्यावर उरलेले काम बाकीच्यांनी बस्टा राइम्स आणि कॉन्सिक्वेन्स या जुन्या सोबत्यांना घेऊन पुरे केले आणि त्याच्या स्मरणार्थ गाणी लिहिली, हे उघड आहे. अल्बमचे कोड्यात टाकणारे नाव मात्र फाइफनेच सुचवलेले होते आणि त्याला ते हवे होते म्हणून इतरांनी ते बदलले नाही.

मग सहानुभूतीचे काय? अल्बम ११ नोव्हेंबर २०१६ रोजी, अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर तीन दिवसांनी आला आणि विक्री व ऑनलाइन ऐकणे मिळून सुमारे १,३५,००० प्रतींच्या हिशेबाने पहिला ठरला. शोकाचा आणि निवडणुकीच्या धक्क्याचा वाटा त्यात असणारच. मात्र कृष्णवर्णीय, मेक्सिकन, गरीब, मुस्लिम आणि समलिंगी लोकांना देशाबाहेर काढू पाहणाऱ्या आवाजाची नक्कल ज्या गाण्यात आहे, ते मतदानाच्या आधीच लिहून गायलेले होते. लोकांना त्यात आपली अवस्था ऐकू आली, याचे कारण गाणे लिहिणाऱ्यांनी ती आधी ओळखली होती. सहानुभूतीचे राज्य असते तर पुरस्कारांनी आधी हात पुढे केला असता. प्रत्यक्षात २०१८ च्या ग्रॅमीसाठी या अल्बमला एकही नामांकन मिळाले नाही आणि क्यू-टिपने त्यावर जाहीरपणे संताप व्यक्त केला.

एका अल्बमने काय पुनरागमन होते, असाही एक उपप्रश्न विचारला जातो. हा शेवटचा अल्बम असेल, हे क्यू-टिपने तो येण्यापूर्वीच लिहून कळवले होते. त्यांनी तो शब्द पाळला. सप्टेंबर २०१७ मध्ये इंग्लंडमधल्या बेस्टिव्हल महोत्सवात अखेरचा कार्यक्रम करून गटाने आपले काम थांबवले आणि फाइफच्या जागी कोणालाही उभे केले नाही.