रुमाल कोणापासून झाकतो?

नमस्कार काका,

ऑनलाइन लिलावात हरलेल्या बोली गुप्त राहाव्यात, या माझ्या लेखावर तुम्ही खरमरीत लिहिलंत: ‘वाशीच्या फळबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचे, बागायतदाराला पत्ता नाही. तुम्ही तोच रुमाल संगणकावर पांघरताय. ससून डॉकवर मासळीचा लिलाव बघा, सगळं उघड!’

रुमालाबद्दलचा राग रास्त आहे. पण रुमाल भाव झाकायचा तो माल विकणाऱ्यापासूनच, आणि मागाहून तपासायला काही उरायचं नाही. मला विक्रीचा भाव सर्वांना कळायला हवाय, निकाल बरोबर लागला की नाही हे कुणालाही पडताळता यायला हवं. झाकायची ती फक्त हरलेल्यांची रक्कम. आणि ससून डॉकवरही कोळंबीची पाटी घेणारा कुठवर चढला असता, हे कुणाला कळतं? समोरचा थांबला की तोही थांबतो.

हरलेली बोली म्हणजे त्या माणसाची ऐपत. पुढच्या वेळी तोच आकडा त्याच्यावर उलटतो. शिवाय संगनमत करणाऱ्यांना उघडी यादी सोयीचीच. ठरल्याप्रमाणे कोण वागलं नाही, ते लगेच दिसतं.

‘हे कागदावरच’, असंही तुम्ही म्हणता. डेन्मार्कमध्ये जानेवारी २००८मध्ये साखरबीटच्या करारांचा लिलाव असाच झाला. सुमारे १२०० शेतकरी होते. बीट विकत घेणारी कंपनी देशात एकच, तिला आपल्या बोली दिसल्या तर आपली परिस्थिती कळेल, ही त्यांची भीती. म्हणून प्रत्येक बोलीचे तीन तुकडे केले: एक कंपनीकडे, एक शेतकरी संघटनेकडे, एक संशोधकांकडे. एकट्या तुकड्यावरून काहीच कळत नाही. तिघांच्या संगणकांनी मिळून गणित केलं, बाजारभाव निघाला, मूळ बोली कुणीच पाहिल्या नाहीत.

एक चूक मात्र माझी. बोलीचा हॅश, म्हणजे गणिताने काढलेला तिचा ठसा, आधी जाहीर करा, एवढंच मी लिहिलं होतं. ठशावरून उलट गणित करून बोली काढता येत नाही, पण मागाहून बोली बदलली तर ठसा जुळत नाही. बोली दहा लाखांच्या आत आणि पूर्ण रुपयांत असेल तर शक्यता दहा लाखच. संगणक क्षणात सगळ्यांचे हॅश ताडून आकडा काढेल. हॅशआधी बोलीला लांबलचक यादृच्छिक संख्या जोडायलाच हवी. लेखात दुरुस्ती केली आहे.

चार बोलीदार आधीच चहावर भाव ठरवून आले, तर कोणतीही संगणकी पद्धत त्यांना अडवू शकत नाही, असंही तुम्ही लिहिलंत. इथे तुमचा मुद्दा मला खोडता येत नाही. तुम्ही मार्केटात तीस वर्षं काढलीत. अशी साखळी तुम्ही कशी ओळखायचात, ते सविस्तर लिहाल का?