नाशपतीतले कण कार्बाइडचे नव्हेत

पेरू आणि नाशपतीबद्दल एक संदेश फिरतो: गरात दाताखाली येणारे वाळूसारखे कण म्हणजे कार्बाइडचे खडे, ते साचून मुतखडा होतो आणि फळ मिठाच्या पाण्यात ठेवलं की ते विरघळतात. यातलं एकही विधान खरं नाही.

कार्बाइडचं आधी. कॅल्शियम कार्बाइडला पाणी लागलं की अ‍ॅसिटिलीन वायू निघतो आणि मागे चुना उरतो. रसदार गरात त्याचा खडा खडा म्हणून टिकणारच नाही. शिवाय कार्बाइड कोणी फळात भरत नाही; त्याची पुडी पेटीत ठेवतात आणि फळ पिकतं ते वायूने.

मग हे कण कसले? त्या अश्मपेशी, म्हणजे जाड, कडक भिंतींच्या मृत पेशींचा एक प्रकार. फळ कोवळं असतानाच गरातल्या काही पेशी आपल्या भित्तिकेवर, म्हणजे पेशीच्या भिंतीवर, आतून थरावर थर चढवतात आणि त्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा पदार्थ, भरतं. भित्तिका इतकी जाड होते की मध्ये चिंचोळी पोकळी तेवढी उरते आणि पेशी मरते. अशा कितीतरी पेशी एकमेकींना चिकटल्या की एक कण होतो. नाशपतीत ते गाभ्याभोवती जास्त दाट असतात. चिकूतही अश्मपेशी असतात. शहाळ्याची कोवळी करवंटी कोयत्याने सहज कापली जाते आणि नारळ तयार झाला की तीच दगडासारखी होते, तेही याच पेशींचं काम. करवंटीत कार्बाइड आहे असं कोणी म्हणत नाही.

घरी खात्री करता येते. गाभ्याजवळचा चमचाभर गर वाटीभर पाण्यात बोटांनी कुस्करा, दोन मिनिटं थांबा, वरचं पाणी हळूच ओता. असं तीन-चार वेळा केलं की तळाशी फिकट कण उरतात. ते वाळवून जुन्या स्टीलच्या चमच्यात तापवा: काळे पडून जळतात. वाळू किंवा चुना असा जळत नाही. कण नीट धुतले नाहीत तर चिकटलेली साखर आधी करपते आणि फसगत होते, म्हणून धुण्यात घाई नको.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत याहून पक्का पुरावा मिळतो. थोडे कण काचपट्टीवर घ्या, अल्कोहोलमधल्या फ्लोरोग्लुसिनॉलचे दोन थेंब टाका, मिनिटभराने तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब. लिग्निन असलेल्या भित्तिका लालगुलाबी होतात. सूक्ष्मदर्शकाखाली बघताना कण सुईने सुटे केले नाहीत तर नुसता गडद गोळा दिसतो. सुटे केले तर जाड भित्तिकेतून आरपार जाणाऱ्या बारीक नळ्या चाकाच्या आऱ्यांसारख्या दिसतात. आच्छादक काच ठेवूनच बघा, नाहीतर आम्लाच्या वाफेने भिंग खराब होतं. रंगही टिकत नाही, तेव्हा फोटो लगेच काढावा.

मुतखड्याचा तर संबंधच नाही. बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि लघवीतले क्षार मूत्रपिंडात साठून तयार होतात. अश्मपेशी सेल्युलोज आणि लिग्निनच्या. आपल्याला त्या पचत नाहीत, रक्तात जात नाहीत. चोथ्याबरोबर बाहेर पडतात. पेरूच्या बिया खूप खाल्ल्या आणि पाणी कमी प्यायलं तर बद्धकोष्ठ होऊ शकतो, पण तो आतड्याचा त्रास, मूत्रपिंडाचा नव्हे.

मिठाचं पाणीही निरुपयोगी. लिग्निन मिठात विरघळत नाही आणि फळ शिजवलं तरी कण तसेच राहतात. रवाळपणा नकोच असेल तर साल जरा जाड काढा आणि गाभ्याभोवतीचा बोटभर गर सोडून द्या.

कार्बाइडची भीती मात्र खोटी नाही. बाजारातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात, म्हणूनच 2011च्या अन्नसुरक्षा नियमांत फळं पिकवायला त्याचा वापर बंद आहे. पण त्याची भुकटी सालीवर शोधायची असते. फळ वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, मग कापा.