खोदताना भुयार लागल्यास काय करावे

पुण्यात पेठेत वाडा पाडून सात मजले उठवताय? अभिनंदन. पोकलेन खाली गेला की एखादे वेळी दगड-चुन्याची कमान लागते. घाबरू नका. पुढीलप्रमाणे वागा.

सगळ्यात आधी मोठ्याने म्हणा, "हे जुनं ड्रेनेज आहे." आमच्या शेजारच्या साइटवर गेल्या मंगळवारी सुपरवायझरने हेच केलं. मी पत्र्याच्या फटीतून डोकावत होतो, तर म्हणाला, "काका, ड्रेनेजमध्ये काय बघायचं?" खाली घोटाभर पाणी वाहत होतं. नितळ. वास नाही, काही नाही.

फोटो काढणाऱ्याला हाकला.

उरलेलं काम रात्री उरका. वाड्याचाच राडारोडा आत लोटा, वर काँक्रीट ओता. सकाळी इतिहासप्रेमी मंडळी येतील, त्यांना चहा पाजा.

"हा कात्रजच्या पाण्याचा नळ, नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास बांधलेला" असलं कोणी बोलू लागलं तर "हो का!" म्हणायचं. फडके हौद हा रिक्षावाल्याला सांगायचा चौक आहे, तिथे कधी याच पाण्याचा हौद होता हे आठवायची गरज नाही. काळा हौद, बदामी हौद, तेही तसेच. कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत आठेक किलोमीटर पाणी नुसत्या उतारावर आणलं. वीज नाही, पंप नाही. माणूस आत शिरून साफसफाई करू शकेल एवढा नळ, हवा खेळायला आणि गाळ काढायला मध्ये मध्ये उच्छ्वास. आपल्याला दुसऱ्या मजल्यावर पाणी चढवायला दोन मोटारी लागतात, त्यातली एक कायम रिवाइंडिंगला. आणि त्या लोकांना म्हणे मागासलेले म्हणायचं!

पाण्याची काळजी करू नका, टँकर आहेच. परवा त्याच साइटवर आला होता. त्याच काँक्रीटवर पाणी मारायला.

आता सल्ला पुरे. अहो, एक फोन करायचा होता! जाणकार येऊन बघून गेले असते, दोन दिवस काम थांबलं असतं, तुमचा फ्लॅट काय पळून जाणार होता? मला ड्रेनेज शिकवता? माझी आजी हौदावरून कळशी आणायची. आणि नळ बुजवला म्हणून पाणी थांबत नाही. कालपासून आमच्या मोरीशेजारची भिंत ओली झालीय, जिन्याखाली डबकं साचलंय. या, बघायला या. येताना बादली आणा.