साखर सोडली की कॅन्सर उपाशी मरतो म्हणे

"साखर, भात, पोळी, फळं ४० दिवस बंद, रोज लिंबू-सोडा पाणी, कॅन्सरच्या पेशी उपाशी मरतात, इम्युनिटी दुप्पट होते, वॉरबर्गला यासाठीच नोबेल मिळालं पण डॉक्टर लपवतात." हा मेसेज फॅमिली ग्रुपवर तिसऱ्यांदा आला आणि यावेळी मावशीने मनावर घेतला. दोन केमोंच्या मधे तीन किलो वजन उतरलं तेव्हा कळलं, बाई काकडीवर जगतायत.

नोबेलचं आधी उरकते. ओटो वॉरबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाला १९३१ साली ते मिळालं पेशींच्या श्वसनातल्या एन्झाइमवरच्या कामासाठी, कॅन्सर बरा केला म्हणून नाही. हां, बऱ्याच गाठी ग्लुकोज, म्हणजे रक्तातली साखर, भसाभसा ओढतात हे खरंय, कॅन्सर शोधायच्या पेट स्कॅनमध्ये त्या चमकतात त्या त्यामुळेच. पण एवढ्यावर केवढा इमला!

मुख्य राग इम्युनिटीवाल्या ओळीचा. अहो, कॅन्सरशी लढणाऱ्या इम्यून पेशींना, म्हणजे टी पेशींनाही कामाला लागल्या की ग्लुकोज लागतंच. गाठीच्या आत ते कमी पडलं की त्या ढेपाळतात, त्यात गाठ लॅक्टिक अॅसिड बाहेर टाकते तेही त्यांना जड जातं, आणि लढणाऱ्यांना आवर घालणाऱ्या रेग्युलेटरी टी पेशी मात्र त्याच लॅक्टिक अॅसिडवर निभावून नेतात. मग उपाशी ठेवताय कोणाला? २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या संशोधकांचा पेपर आला, उंदरांच्या गाठीत कुठली पेशी किती ग्लुकोज घेते ते त्यांनी मोजलं, तर पेशीमागे सगळ्यात जास्त घेणाऱ्या निघाल्या मायलॉइड पेशी, म्हणजे शरीराच्याच इम्यून पेशी. कॅन्सरच्या पेशी पुढे होत्या त्या ग्लुटामाइनमध्ये, आणि ते अमिनो अॅसिड शरीर स्वतःच बनवतं, ते कसं बंद करणार? भात सोडला तरी लिव्हर ग्लुकोज बनवतच राहतं आणि त्यासाठी स्नायूंमधलं प्रोटीन मोडतं. मावशीच्या तीन किलोंमधलं थोडं तिथेच गेलं असणार.

लिंबू-सोड्याचं काय बोलायचं, दोन्ही एकत्र केलं की ग्लासातच फेस होऊन जातो, आणि त्याने रक्त अल्कलाइन होईल असं वाटत असेल तर रक्ताचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीची पातळी, ७.३५ ते ७.४५ मधे धरून ठेवायला फुफ्फुसं नि किडन्या आहेत.

डायबेटिस असेल तर शुगर सांभाळा, कोल्ड्रिंक सोडा, त्याला कोण नाही म्हणतंय. मावशीला डाएटिशियनने अंडी, डाळ, मऊ भात सगळं परत सुरू करायला सांगितलंय. मेसेज पाठवणाऱ्या काकांना फोन केला तर म्हणाले, "मी कुठे वाचलाय, नुसता पुढे पाठवला."