लाईट दहाला येणार आहे

परवा विषय निघाला तो पिंट्याच्या मोबाईलमुळे. कुठल्याशा बंगल्याच्या आवारातून बिबट्या कुत्रं उचलून नेतो, तो सीसीटीव्हीचा तुकडा त्यानं सगळ्यांना फिरवून दाखवला आणि वर म्हणाला, "घाला ना गोळ्या एकदाच्या. किती दिवस नुसते पिंजरे लावत बसायचं?"

आमचा कट्टा म्हणजे जुन्नर तालुक्यातल्या एका फाट्यावर बंद पडलेल्या डेअरीचा ओटा. मागं ऊस, पुढं रस्ता, रस्त्यापलीकडं परत ऊस. बिबट्यावर मत नसलेला माणूस इथं औषधालाही सापडायचा नाही.

"घातली की गोळी पिंपरखेडला," मास्तर म्हणाले.

२०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या त्या गावाच्या परिसरात वीसेक दिवसांत तीन जीव गेले, त्यातली दोन लेकरं. लोकांनी वनखात्याची गाडी पेटवली, हायवे अडवला, मग नेमबाज आले. त्या गावाचं नाव निघालं की कट्ट्यावर चेष्टा थांबते. पिंट्यानंही मोबाईल खिशात घातला.

"बरं, गोळी नको. पकडा आणि लांब नेऊन सोडा," तो जरा वेळानं म्हणाला.

मास्तर याचीच वाट बघत होते. रिटायर झाल्यापासून त्यांचं वाचन वाढलंय आणि ऐकणारे कमी झालेत. "तेच केलं होतं रे! २००१ पासून आपल्याकडं बिबटे पकडून सरासरी चाळीस किलोमीटरवरच्या जंगलात सोडले. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि मंडळींनी त्याचा हिशेब मांडला, २०११ साली छापून आला. आधी वर्षाला सरासरी चार माणसांवर हल्ले व्हायचे, ते चौपटीच्या वर गेले. पिंजऱ्यात धडका मारून जखमी झालेलं, बिथरलेलं जनावर अनोळखी मुलखात सोडल्यावर दुसरं काय होणार? आणि इथली जागा रिकामी राहते होय? दुसरा येतोच. तो आजोबा आठवतो का?"

आजोबा म्हणजे टाकळी ढोकेश्वरला विहिरीतून काढलेला बिबट्या. २००९ साली गळ्यात माग काढायचा पट्टा बांधून त्याला माळशेजला सोडला, तर पठ्ठ्या सव्वाशेएक किलोमीटर चालत मुंबईच्या नॅशनल पार्कात पोचला. वाटेत त्यानं एकाही माणसाला हात लावला नाही.

"म्हणजे बिबट्या संत आणि आम्ही कसाई," इतका वेळ गप्प बसलेले बापू म्हणाले. "मास्तर, तुमचा हिशेब खरा असंल. पण रात्री दोनला उसाला पाणी द्यायला, दारं धरायला तुम्ही नसता, मी असतो."

मग त्यांनी मागच्या पंधरवड्यातली गोष्ट सांगितली. रात्रपाळीची लाईट, म्हणजे शेतातल्या मोटारीला वीज रात्रीच. मोटार चालू करून ते बांधानं शेवटच्या सरीपर्यंत गेले, पाणी पोचलंय का बघितलं. परत येताना बॅटरी खाली मारली, तर त्यांच्याच चपलेच्या ठशावर पंजाचा ठसा. नखं नाहीत, चार बोटं आणि मागची गादी. चिखल ओला होता आणि ठशात पाणी अजून भरत होतं.

"भरत होतं," बापू परत म्हणाले. "म्हणजे आत्ताच. मी खाकरलो, मोठ्यानं शिव्या दिल्या, मोबाईलवर गाणं लावलं. वाकलो मात्र नाय. वाकलेला माणूस त्याला शेळीएवढा दिसतो म्हणत्यात. फावडं तिथंच ठिवून आलो."

तात्या वरल्या अंगाचे, भीमाशंकरकडचे. ते म्हणाले, "आमच्याकडं वाघोबाला नारळ देत्यात. वाघरू पूर्वीबी व्हतं, पण ते रानात अन् आपण गावात."

"तात्या, रान ठेवलं कुठं?" मास्तर. "धरणं झाली, पाटाला पाणी आलं, बारा-बारा महिने उभा ऊस आला. ही उसातच जन्मली, उसातच वाढली. त्यांना जंगल दाखवलं तर तीच घाबरतील. खायला डुकरं, कोंबड्या, मोकाट कुत्री. नगरकडच्या अकोले तालुक्यात बिबट्यांची विष्ठा तपासली तर खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला."

"म्हणून आता नसबंदी करणारेत म्हणे बिबट्यांची," पिंट्या हसला. "आपल्या गावातल्या कुत्र्यांची तरी झाली का?"

यावर कुणाकडंच उत्तर नव्हतं. जंगलात शेळ्या सोडायची वनमंत्र्यांची कल्पनाही निघाली. तिच्यावर जे बोललं गेलं ते लिहिण्यासारखं नाही.

मला वाटलं होतं बापू पिंट्याच्या बाजूचे. पण बछड्यांचा विषय निघाला आणि ते वेगळंच बोलले. त्यांच्या शेजारच्या उसाच्या फडात तोड चालू असताना दोन पिल्लं सापडली होती. वनखात्याच्या पोरांनी संध्याकाळी ती क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवली, कॅमेरा लावला. सकाळी त्यांनी बापूंना दाखवलं: मादी आली, क्रेट कलंडला, एक पिल्लू मानेला धरून नेलं, पाऊण तासानं दुसऱ्याला न्यायला परत आली.

"मांजरीवानी," बापू म्हणाले. "बघताना बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. अन् घरी येऊन नातवाला अंगणात खेळू दिलं नाय, तेबी खरं."

"मग पायजे काय तुम्हाला, बापू?" पिंट्या वैतागला.

"दिवसा लाईट." बापूंनी चहाचा ग्लास उपडा केला. "माणूस मेल्यावर पंचवीस लाख देत्यात ना? त्याच्या आधी दिवसा आठ तास लाईट द्या. बिबट्या रात्रीचा राजा, तर त्याची रात्र त्याला ठेवा. मला तिथं पाठवतंय कोण, बिबट्या का विजेची डीपी?"

मास्तरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांच्या कुठल्याच आकड्यात हे नव्हतं. मला विचाराल तर कट्ट्यावर वर्षभरात झालेलं हे सगळ्यात शहाणं बोलणं, आणि ते रुसल्यासारख्या आवाजात आलं.

साडेनऊ वाजले. बापू उठले, घुंगराची काठी घेतली. या आठवड्यात त्यांच्या फीडरला रात्रीची पाळी, लाईट दहाला.

"बरोबर कोण येतंय?" तात्यांनी विचारलं.

सगळे आपापल्या मोबाईलकडं बघायला लागले. मीसुद्धा.

"थांबा, गाडी काढतो," पिंट्या म्हणाला. "पण मी बांधावरच उभा राहणार, आधीच सांगतो. अन् गाणी माझ्या मोबाईलवरची."