हाऊ मेनी इश्यूज?

काल रात्री युक्रेनमधल्या विन्नित्सियाहून ओल्हाचा निरोप आला. आभाराच्या दोन ओळी आणि शेवटी प्रश्न: पुढच्या मंगळवारी काका असतील का? त्यांचं इंग्रजी तिला जास्त कळतं म्हणे.

चार महिने झाले, दर मंगळवारी तासभर मी तिच्याशी इंग्रजीत गप्पा मारतोय. फुकट. तिथले संध्याकाळचे सात म्हणजे हिवाळ्यात आपले साडेदहा. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासाने पुढे सरकतात आणि सात वाजता आपले साडेनऊच होतात. हे विसरलात तर पलीकडचं माणूस तासभर काळ्या पडद्याकडे बघत बसतं. चूक जागच्या जागी सुधारायची नाही, बोलणारा बुजतो. कागदावर टिपायची आणि शेवटच्या पाच मिनिटांत दोन-तीनच सांगायच्या. 'मॅगझिनमधून दूध आणलं' म्हणाली तर हसायचं नाही, कारण युक्रेनियनमध्ये माहाझिन म्हणजे दुकान. राहता राहिले 'अ' आणि 'द'. ते तिच्या भाषेत नाहीत, माझ्याही नाहीत. 'व्ही' आणि 'डब्ल्यू'चंही तेच, दोघांचा 'व' एकच. तरी मी तक्ते करून शिकवत होतो!

तर गेल्या मंगळवारी खालच्या मजल्यावरचे काका टँकरचे दोनशे रुपये मागायला आले आणि "कोण रे ही?" म्हणत थेट कॅमेऱ्यापुढे वाकले. काका बँकेतून निवृत्त. बोलतात तेही नोटा मोजून काउंटरवर ठेवल्यासारखं, एकेक सुटी.

"व्हॉट. इज. युवर. गुड. नेम?"

ओल्हाने पटकन नाव सांगितलं. माझ्या 'हाऊज इट गोइंग'ला तीन आठवडे ती 'कोण कुठे चाललंय?' असा चेहरा करायची.

"हाऊ मेनी इश्यूज?" काकांना मुलंबाळं विचारायची होती.

"ओ, मेनी," ती म्हणाली. "इलेक्ट्रिसिटी. जॉब. मदर-इन-लॉ."

काका इतके खूश झाले की खुर्ची ओढून बसलेच. तेवढ्यात तिकडे अंधार झाला. मी "पॉवर आउटेज?" म्हणेपर्यंत काका म्हणाले, "लाइट गॉन?"

"यस! लाइट गॉन!"

युक्रेनियनमध्येही वीज जात नाही, उजेडच नसतो: 'स्वित्ला नेमा'. दोन आठवडे घोटून घेतलेला माझा 'आउटेज' तिथेच वारला. कॉल मात्र तुटला नाही. तिने राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही पॉवर बँकेवर टाकले होते. एकच टाकला तर उपयोग नाही. मग बारा व्होल्टची केबल कुठली, पॉवर बँक किती तास पुरते, लाइट गटागटाने वेळापत्रक लावून जाते का, याची काकांनी दहा मिनिटं चौकशी केली. तिने वहीत नवा शब्द लिहून घेतला: लोडशेडिंग.

नंतर तिच्या फोनवर हवाई हल्ल्याचा इशारा वाजला. ती लॅपटॉप उचलून घरातल्या बोळात जाऊन बसली. रस्ता आणि आपण यांच्यामध्ये दोन भिंती हव्यात, हा तिथला नियम. अशा वेळी 'तास थांबवू या' असं मी म्हणायचं असतं. मी तोंड उघडलं.

"अंकल, प्लीज कंटिन्यू," ती म्हणाली.

मी त्या खोलीत होतो. माझी खोली, माझं वायफाय.

आता तिची एका परदेशी कंपनीत मुलाखत आहे. ती तिथे साहेबाला त्याचं गुड नेम विचारणार. मी कळवलं की असं कोणी विचारत नाही. उत्तर आलं, "अंकल विचारतात." यावर काय बोलणार? चार महिन्यांत एक मंगळवार चुकवला नाही मी, बहिणीच्या घरचं केळवणसुद्धा सोडलं!

आज जिन्यात काका भेटले. म्हणाले, "मंगळवारी साडेनऊला येतो रे. तू नुसतं ते चालू करून दे."

टँकरचे दोनशे तेवढे घेऊन गेले.