हटवलेले दुकानदार परत का येत नाहीत: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. शहराच्या मध्यवर्ती पेठेचा पुनर्विकास नगरपालिकेने खासगी भागीदारीतून करावा, असं मी एका लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत: खासगी भागीदारी म्हणजे सार्वजनिक जमीन विकासकाच्या घशात घालणं. हटवलेले दुकानदार कधीच परत येत नाहीत. त्यापेक्षा नगरपालिकेने रस्ता नीट करून द्यावा, पेठ आपली आपण सावरेल. यातला दुसरा आक्षेप सगळ्यात गंभीर आहे आणि लेखात त्यावर जेमतेम एक वाक्य होतं. ती माझी चूक, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

दुकानदार का परतले नाहीत, याचं उत्तर बहुतेक वेळा करारातच सापडतं. ‘आहे तेवढीच जागा मिळेल’ असं लिहिलेलं असतं, पण मोजायचं काय ते नसतं. बांधीव क्षेत्र धरलं तर भिंतीही त्यात येतात, ‘सुपर बिल्ट-अप’ धरलं तर जिना आणि सामायिक बोळाचा वाटाही, आणि हातात पडणारा गाळा लहान निघतो. म्हणून चटई क्षेत्रच, म्हणजे भिंतींच्या आत प्रत्यक्ष वापरता येणारी जागा, लिहून घ्यायचं. सोबत तळमजला, दर्शनी रुंदी, आणि कोपऱ्यावरच्या दुकानाला कोपराच. तळघरात पार्किंग असेल तर आणखी एक घोळ होतो. गाड्या वळाव्यात या हिशेबाने लावलेले खांब वर थेट गाळ्यांमध्ये निघतात. तीन मीटर रुंदीच्या गाळ्यात, दारापासून दोन पावलांवर जाडजूड खांब आला तर काउंटर कुठे ठेवायचा आणि गिऱ्हाईक उभं कुठे राहायचं? कागदावरचं क्षेत्रफळ बिनचूक असतं, दुकान मात्र चालवता येत नाही. खांबांचा नकाशा गाळ्यांच्या नकाशावर ठेवून पाहिल्याशिवाय आराखड्यावर सही करू नये.

तात्पुरती जागा गिऱ्हाइकाच्या रोजच्या वाटेवर हवी. तिचं भाडं विकासकाने नव्या गाळ्याचा ताबा मिळेपर्यंत भरायचं. करारात ‘24 महिने’ असा आकडा घातला की 25 व्या महिन्यापासूनचा भुर्दंड दुकानदारावर पडतो. आणि एक गोष्ट हमखास सुटते: परतल्यावरचं भाडं बांधून दिलेलं असतं, पण देखभाल शुल्क मोकळं सोडलेलं असतं. मग लिफ्ट, सुरक्षारक्षक, जनरेटर हे सगळं त्या शुल्कात चढत जातं आणि परतलेला दुकानदार वर्षा-दोन वर्षांत गाळा सोडतो. ते शुल्कही बांधून घ्या. शिवाय सगळी पेठ एका दमात पाडायची नाही. पहिल्या टप्प्यातली दुकानं नव्या जागेत उघडल्यावरच दुसऱ्याला हात लावायचा.

जमिनीबद्दलची तुमची भीती निराधार नाही. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या न्यू लंडन शहराने पुनर्विकासासाठी लोकांची राहती घरं संपादित केली. 2005 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी शहराच्या बाजूने निकाल दिला. ज्या फायझर या औषध कंपनीच्या शेजारामुळे सगळा आराखडा उभा राहिला होता, तिने 2009 मध्ये तिथून निघण्याचा निर्णय जाहीर केला आणि मोकळी केलेली जमीन वर्षानुवर्षं पडून राहिली. पाडकाम आधी आणि पैसा नंतर, हा क्रमच घातक आहे. कर्जमंजुरी, बांधकाम परवाना आणि कामगिरीची बँक हमी (विकासकाने काम पुरं केलं नाही तर बँक पैसे भरेल अशी हमी) हातात आल्याशिवाय ताबा देऊ नये. जमीन विकायची नाही, भाडेपट्ट्याने द्यायची, तीही टप्प्याटप्प्याने. मुदतीत काम सुरू झालं नाही तर परत घ्यायची. कर्ज देणारी बँक या शेवटच्या कलमाला आडवी येते, कारण तिचं तारण त्यात जाऊ शकतं. पण तेवढ्यासाठी कलम काढून टाकू नका. दुसरा विकासक आणण्यासाठी बँकेला ठरावीक महिने द्या आणि ते महिने करारात लिहा.

रस्त्याबाबत मी तुमच्याशी अर्धा सहमत आहे. पाणी, सांडपाणी, पावसाळी गटार आणि केबल यांचं काम नगरपालिकेने एकाच खोदाईत आणि भागीदार शोधण्याआधी उरकावं. जमिनीखाली काय आहे ते माहीत नसेल तर विकासक त्या अनिश्चिततेची किंमत बोलीत लावतो. रस्ता करताना जुना डांबराचा थर खरवडून काढावा. थरावर थर चढवत गेलं की रस्ता दुकानांच्या उंबऱ्यापेक्षा वर जातो आणि पहिल्याच मोठ्या पावसात पाणी आत शिरतं. पदपथाला दुकानाकडून गटाराकडे साधारण 50 ला 1 उतार पुरतो.

पण नुसत्या रस्त्याने भागत नाही. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या कॅलमाझू शहराने 1959 मध्ये मुख्य पेठ गाड्यांना बंद करून पादचाऱ्यांना दिली. 1998 मध्ये तिच्या काही भागात गाड्या परत आणाव्या लागल्या. पेठ जगते ती संध्याकाळनंतरही तिथे राहणाऱ्या माणसांवर, आणि जुन्या पेठांत वरचे मजले रिकामे असतात. कारण अगदी साधं असतं: दर्शनी भाग रुंद करण्यासाठी कधीतरी रस्त्याकडून वर जाणारा जिना काढून टाकलेला असतो. आता तिथे राहायला परवानगी मिळवायची तर स्वतंत्र जिना आणि आगीत सुटकेची वाट लागते, आणि अरुंद इमारतीत दोन्ही बसवले तर दुकानालाच जागा उरत नाही. त्यावर उपाय म्हणजे लगतच्या दोन-तीन इमारतींना मागच्या बाजूने एकच सामायिक जिना. एकट्या मालकाला तो परवडत नाही, शेजाऱ्यांचं एकमत आपोआप होत नाही. नगरपालिकेने जिन्याच्या खर्चात वाटा उचलावा, बदल्यात मालकांनी वहिवाटीचा हक्क नोंदणी करून द्यावा आणि वरच्या खोल्या ठरल्या मुदतीत भाड्याने द्याव्यात. भागीदारी हा शब्द मी वापरला तो मुख्यतः या कामासाठी, आणि यात एकाही दुकानदाराला हलवावं लागत नाही.